इंदूबाईंच्या शेजारचं ताट

इंदूबाई ताट घेऊन उभ्या राहिल्या की जेवणघरातला कलकलाट एकदम खाली यायचा. दोनशे मुली आपापल्या ताटात डोकं घालून बसायच्या, आणि तरीही बाई आज कोणाच्या शेजारी बसतात हे प्रत्येकीला दिसायचं. बाई एकीच्या शेजारी टेकल्या की तिची मान आणखी खाली जायची आणि बाकीच्यांचे हात पुन्हा भाकरीकडे वळायचे. मी दारापाशी माझा डबा उघडून बसलेला असायचो. त्या माझ्याकडे वळू नयेत असं मलाही वाटायचं, हे आधीच कबूल करून टाकतो. मी त्या शाळेत विज्ञान शिकवत होतो.

हे नेहमी असं नव्हतं. बाईंचा चेहरा बिघडला त्यानंतरच्या एका हिवाळ्यातली ही गोष्ट आहे.

विसरवाडीच्या फाट्यापासून आत आठ-दहा किलोमीटरवर आमची निवासी शाळा. इंदूबाई तिथे मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका होत्या. माहेर कोरीटचं, मिरची-कापूस पिकवणाऱ्या पाटलांचं घर. लग्न होऊन वर्षाच्या आत परत आल्या होत्या. का, ते कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर विचारणाऱ्याची धडगत नव्हती. सडसडीत अंग, कडक इस्त्रीची सुती साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. साहेब तपासणीला आले की बाई पुस्तकी मराठी बोलायच्या, तेही इतकं शुद्ध की साहेबच अडखळायचा. साहेबाची गाडी फाटकाबाहेर गेली रे गेली की अहिराणी सुरू. चिडल्या की अहिराणी आणि माया आली तरी अहिराणीच, त्यामुळे नवीन मुलींना सुरुवातीला काही कळायचं नाही.

हजेरी त्या नाव पुकारून घ्यायच्या नाहीत. रांगेतून चालत जाऊन प्रत्येक डोक्यावर हात ठेवायच्या. मी एकदा म्हटलं, "ताई, यापेक्षा वही बरी." त्यावर त्या म्हणाल्या, "वहीले ताप समजस का, शेठ?" तापलेलं डोकं त्यांच्या तळहाताला कळायचं.

मला त्या शेठ म्हणायच्या. माझे आजोबा राजस्थानातून नंदुरबारला आले, वडिलांनी कापडाचं दुकान वाढवलं आणि मी गादीवर बसायचं सोडून मास्तरकी धरली. घरचे मला त्यासाठी अजून माफ करत नाहीत. आम्ही जैन. कांदा-लसूण नाही, सूर्य मावळल्यावर जेवण नाही. म्हणून वसतिगृहाच्या जेवणघरात माझा डबा वेगळा असायचा. "तुम्हना सूर्य आम्हना पेक्षा लवकर बुडस," असं म्हणून बाई संध्याकाळी मला घड्याळ दाखवायच्या.

आमच्या बहुतेक मुलींचे आईबाप दिवाळी झाली की गुजरातमध्ये ऊस तोडायला जात. बारडोलीच्या बाजूला, कोणी त्याच्याही पुढे. शेताच्या कडेला पाल ठोकून राहायचं, ते होळीपर्यंत. त्या चार महिन्यांत शाळेचा फोन वाजला की आम्हा सगळ्यांचे कान टवकारायचे. कोणी गाडीवरून पडलेला असायचा, कोणाला पान लागलेलं, म्हणजे साप चावलेला असायचा, कोणाचं तान्हं थंडीत गेलेलं असायचं. बाईंकडे एक जुनी डायरी होती. तिच्यात प्रत्येक मुलीच्या नावापुढे मुकादमाचा नंबर आणि पालांच्या जवळच्या गावाचं नाव. जिथे मोबाईलला रेंज नाही तिथे कोणत्या दुकानात निरोप द्यायचा, तेही लिहिलेलं.

वाईट बातमी आली की ती मुलीला सांगायचं काम बाईंचं. ते काम त्यांनी दुसऱ्या कोणाला कधी करू दिलं नाही. त्यांच्या कोरीटकडे रीत अशी, की मयताची खबर घेऊन आलेला माणूस दारातून ओरडत नाही. तो येतो, बसतो, घरच्यांची जेवणं होऊ देतो, आणि हात धुऊन झाले की मग सांगतो. कारण एकदा तोंडातून शब्द निघाला की त्या घरात चूल पेटत नाही. बाईंनी ती रीत वसतिगृहात आणली होती. खबर आली की त्या मुलीच्या शेजारी जाऊन बसायच्या, तिच्या ताटात गुळाचा खडा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आधी खाय ले, पोरी." मुलगी पोटभर जेवायची. मग ताट धुऊन आली की बाई तिला घेऊन आवळ्याच्या झाडाकडे चालू लागायच्या.

आता यात पंचाईत अशी, की बाई शेजारी बसल्या म्हणजे खबर, हे मुली दोन दिवसांत ओळखतील. म्हणून बाईंनी एक युक्ती केली होती. त्या रोजच कोणाच्या तरी शेजारी जेवायच्या. सकाळी एक मुलगी, संध्याकाळी दुसरी, आणि प्रत्येकीच्या ताटात गुळाचा खडा. वर्षभर, पाळीपाळीने. एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर वर्षातून तीन-चार वेळा ते खरं बसणं त्या बसण्यांत लपून जावं म्हणून. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, "ताई, ही फसवणूक नाही का?"

"शे ना," त्या म्हणाल्या. "पन उपाशी पोटे रडाले जोर लागस, शेठ. आनि तठे गयावर तिले कोन वाढनार शे?"

ही युक्ती चालायची ती बाईंच्या चेहऱ्यावर. मी त्यांना खबरीच्या दिवशी मुलीशी गप्पा मारत जेवताना पाहिलं आहे. डोळा हलत नसे, ओठ हलत नसे. आदल्या दिवशी दुसरीच्या शेजारी जसा चेहरा, तसाच त्या दिवशी. मला ते पाहून शहारा यायचा, आणि बाईंबद्दल मनापासून आदरही वाटायचा.

मग जुलैच्या एका सकाळी प्रार्थनेला बाई समोर उभ्या होत्या आणि त्यांचा अर्धाच चेहरा प्रार्थना म्हणत होता. उजवी बाजू नुसती लोंबत होती. कपाळावर आठी नाही, गालावर हालचाल नाही, डोळा उघडा तो उघडाच. पुढच्या रांगेतल्या लहान मुली खुदकन हसल्या. बाई तोंड वाकडं करून गंमत करताहेत असं त्यांना वाटलं. बाई कधीच गंमत करत नाहीत हे मोठ्या मुलींना माहीत होतं, त्या गप्प झाल्या.

"वारं लागनं," बाई ओठांच्या एका कोपऱ्यातून म्हणाल्या. "बाकी काही नही."

कोरीटच्या बाजूला लकव्याचं तेल देणारा कोणी म्हातारा होता. आठ दिवस त्याच्याकडे गाल चोळून घेण्यात गेले. शेवटी मीच हट्ट करून त्यांना सुरतच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता. म्हणाला, मेंदूचा झटका नाही, घाबरू नका. कानाच्या मागून हाडाच्या एका अरुंद बोळातून चेहऱ्याची नस येते. ती सुजली की त्या बोळात चेपते आणि अर्धा चेहरा झोपी जातो. का सुजते ते नक्की सांगता येत नाही, बहुधा एखादा विषाणू. गोळ्या लगेच सुरू झाल्या असत्या तर बरं झालं असतं, हेही तो म्हणाला. तेव्हा बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तेलवाल्याचं नाव काढलं नाही.

दिवाळीपर्यंत चेहरा बराचसा परतला. आम्ही सगळे खूश झालो. पण तो परतला तो थोडा वेडावाकडा. बाई हसल्या, किंवा फुंकर मारायला ओठ जुळवले, की उजवा डोळा आपोआप मिटायचा. आणि तोंडात घास घेतला की त्याच डोळ्यातून पाणी वाहू लागायचं. थेंबभर नाही, गालावरून ओघळून हनुवटीपर्यंत. घास संपला की पाणी बंद.

पुन्हा सुरत. डॉक्टरने कागदाच्या मागे पेनने रेघा काढल्या. चेपून तुटलेली नस मुंगीच्या पावलाने पुन्हा वाढते, आणि वाढताना तिच्यातले काही धागे रस्ता चुकतात. ओठाकडे जायचे ते पापणीकडे जातात, म्हणून ओठ हलला की डोळा मिटतो. लाळेच्या गाठीकडे जायचे धागे डोळ्यातल्या पाण्याच्या गाठीकडे जातात, म्हणून घास घेतला की तोंडाबरोबर डोळ्यालाही पाणी सुटतं. रडण्याशी त्याचा काही संबंध नाही. "आम्ही याला मगरीचे अश्रू म्हणतो," डॉक्टर हसत म्हणाला.

"आते मले मगर बी ठराई टाका!" बाई अहिराणीत गरजल्या, आणि डोळा मिटला. मग थोडा वेळ त्या रेघांकडे पाहून मला म्हणाल्या, "मन्हा बापना वावरमा चारी फुटे तवय असंच व्हये. पानी सोडो मिरचीले, आनि जाये शेजारना कपाशीमा." याहून सोपं करून मलाही सांगता आलं नसतं.

डॉक्टर म्हणाला, सुया टोचून थोडं कमी करता येईल, पण पुन्हा पुन्हा यावं लागेल. बाई नको म्हणाल्या. दुखत नाही, खुपत नाही, मग कशाला. डोळ्यातलं ते पाणी मुलींना काय दिसेल, हा विचार ना त्यांच्या मनात आला, ना माझ्या.

दिवाळीच्या सुटीनंतरची पहिली सकाळ. आईबाप नुकतेच ऊसतोडीला गेलेले, मुली आधीच हिरमुसलेल्या. चेहरा बिघडल्यापासून पंगत सोडलेल्या बाई चार महिन्यांनी पहिल्यांदा पंगतीत बसल्या, सातवीतल्या रमिलाच्या शेजारी. रमिला अबोल पोर, अंगाने बारीक, गणितात हुशार. बाईंनी तिच्या ताटात गूळ ठेवला. "आधी खाय ले, पोरी." स्वतः भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि गालावरून पाणी ओघळलं.

मी ते दारातून पाहिलं. मला त्यात काही वाटलं नाही, कारण मला नस माहीत होती. रमिलाला नस माहीत नव्हती. तिला एवढंच माहीत होतं, की मागच्या वर्षी तिची मैत्रीण बाईंच्या शेजारी जेवली आणि ताट धुतल्यावर बाई तिला आवळ्याकडे घेऊन गेल्या. रमिलाने बाईंकडे एकदा पाहिलं, गूळ खाल्ला, भाकर संपवली. ताट धुतलं. मग आवळ्याकडे न जाता ती कुंपणातून बाहेर पडली.

तासाभराने वर्गात रमिला नाही हे लक्षात आलं. मग धावपळ सुरू झाली. विहिरीत पाहिलं. ओढ्याला पाहिलं. मोटारसायकलवर मी फाट्यापर्यंत गेलो. तिथल्या भजीवाल्याने सांगितलं, शाळेच्या कपड्यातली एक पोरगी सुरतकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये बसली. बारा वर्षांची पोर, एकटी, ट्रकमध्ये. बाई मागून जीपमधून आल्या. त्या जीपमधून उतरल्या नाहीत. नुसतं पुढे बोट दाखवलं.

तीन वाजता फोन आला. ट्रकवाला भला माणूस होता. पोरीला आईबाप कुठल्या गावाजवळ आहेत, मुकादम कोण, काही सांगता येईना, म्हणून त्याने नवापूरला हॉटेलवालीच्या ताब्यात तिला दिलं आणि ओळखपत्रावरच्या नंबरवर फोन केला. आम्ही पोचलो तेव्हा रमिला बाकावर बसली होती, समोर वडापाव तसाच. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. खूप वेळ ठेवला.

"तू मले इचारं का नही वं?"

"तुम्ही रडत होत्या," रमिला म्हणाली. "रडणाऱ्याला विचारत नाहीत."

"मी नही रडनू. डोया रडना. तुन्ही माय बरी शे." बाईंनी तिथूनच मुकादमाला फोन लावला. दहा मिनिटांनी आई लाईनवर आली. रमिलाने आईचा आवाज ऐकून घेतला. मग वडापाव खाल्ला.

संस्थेचे चिटणीस दुसऱ्या दिवशी आले. मुलगी सापडली हे ठीक, पण वाटेत काही झालं असतं तर, वगैरे. बाईंनी काही दिवस रजेवर जावं असं त्यांनी सुचवलं. बाईंनी मान हलवली आणि रजेचा अर्ज केलाच नाही.

खरं संकट त्यानंतर आलं, आणि ते कागदावर आलं नाही. डिसेंबरात पाचवीतल्या एका मुलीचा बाप तापाने गेला. बाई चार दिवसांपूर्वी पाळीने तिच्या शेजारी जेवल्या होत्या. जानेवारीत एकीचा धाकटा भाऊ पालात गेला. तिच्याही शेजारी बाई त्याच आठवड्यात बसल्या होत्या. आता बाई सगळ्यांच्याच शेजारी बसायच्या, तेव्हा ज्या कोणाला खबर येईल तिच्या शेजारी त्या मागेपुढे बसलेल्याच असणार. हा हिशेब सहावीतल्या मुलीलाही जमावा. पण भीती हिशेब मांडत नाही. स्वयंपाकीण शेवंतामावशी एक दिवस माझा डबा गरम करून देताना हळूच म्हणाली, "सर, बाईना डोया जठे पानी टाकस ना, तठे मौतनी खबर येस."

"मावशी, ती नस आहे," मी म्हणालो.

"व्हई, नस शे," ती म्हणाली. "पन खबर येस."

मग ती मी सुरुवातीला सांगितलेली शांतता आली. मुली बाईंवर रागावल्या नव्हत्या. त्यांना बाई हव्याच होत्या, ताप आला की, फणी हरवली की, रात्री स्वप्न पडलं की. फक्त जेवताना नको होत्या. एक चिमुरडी बाई शेजारी बसताच भाकरीचा तुकडा गालात धरून बसली, गिळेचना.

आणि आता माझं. जानेवारीच्या शेवटी माझ्या वडिलांना छातीत दुखायला लागलं म्हणून सुरतला दवाखान्यात ठेवलं होतं. मी शाळेत येऊन-जाऊन करत होतो. एका सकाळी बाई ताट घेऊन माझ्याच शेजारी येऊन बसल्या. "कसं शे बाबूजीसनं?" त्यांनी विचारलं आणि घास घेतला. पाणी ओघळू लागलं. मी ते पाणी पाहिलं, आणि माझा हात आपोआप डब्याच्या झाकणाकडे गेला. "हात धुऊन येतो," असं म्हणून मी उठलो. हात मी नुकतेच धुतले होते. परत आलो तो दुसऱ्या दाराशी बसलो.

ज्याने डॉक्टरच्या रेघा डोळ्यांनी पाहिल्या, ज्याने त्याच आठवड्यात नववीला मज्जासंस्था शिकवली, तो मी. वडील बरे होऊन घरी आले, आणि त्या आनंदात मला मान वर करायची लाज वाटत होती. मी उठून गेलो त्या दिवसापासून बाई धान्याच्या कोठीत जेवू लागल्या. तांदळाच्या पोत्यांमध्ये पाट टाकून, दाराकडे पाठ करून. मी एकदा कोठीत डोकावलो तर न वळता म्हणाल्या, "जा शेठ, तुम्हना डबा गार व्हई जाई."

पाठमोऱ्या जेवणाऱ्या बाई मला सोसेनात. माझ्यामुळे त्या तिथे गेल्या होत्या. मुलींची भीती त्यांनी महिनाभर झेलली होती, पण माझी नाही झेलवली. मी चार दिवस शब्द जुळवले आणि माफी मागायला गेलो. त्यांनी मला मध्येच तोडलं. "माफी ऱ्हाऊ द्या. पोरीसले नस शिकाडा."

मग फेब्रुवारीत मी पाचवी ते दहावीच्या सगळ्या मुली एकत्र बसवल्या. फळ्यावर कान काढला, हाडाचा बोळ काढला, नस काढली. सुजलेली नस, तुटलेले धागे, वाट चुकलेले धागे. मुली मुकाट बघत होत्या. पाटी कोरीच राहतेय हे मला कळत होतं. तेवढ्यात बाई पुढे येऊन खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "नस ऱ्हाऊ द्या. मन्हा जबडा दखा." त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. जबडा हलला, पाणी आलं. जबडा थांबवला, पाणी थांबलं. पुन्हा हलवला, पुन्हा आलं. नळ चालू-बंद करावा तसं. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. बाईंनाही हसू आलं आणि त्यांचा डोळा मिटला. मग सगळा वर्ग हसला, पोट धरून हसला.

"बाई, चिंच!" रमिलाचा आवाज होता. ती उठून पुढे आली आणि खिशातली चिंच बाईंच्या हातावर ठेवली. चिंचेने तर धारच लागली. रमिला बाईंच्या अगदी जवळ उभी राहून एखादा प्रयोग बघावा तसं बघत होती. मग तिने मैत्रिणींना निकाल सांगितला, "डोळा नाही बघायचा. जबडा बघायचा."

दुसऱ्या दिवशी बाई पंगतीत आल्या. पहिला घास घेताना वीस-पंचवीस जणी त्यांच्या जबड्याकडे बघत होत्या. आठवड्याभरात तेही थांबलं. शेवंतामावशीने मात्र शेवटपर्यंत बाईंचं ताट वाढताना नजर वर केली नाही.

पुढचं वर्ष बाईंचं नोकरीचं शेवटचं. दिवाळी झाली, आईबाप पुन्हा ऊसतोडीला गेले. त्या हिवाळ्यात माघ लागेपर्यंत एकही खबर आली नाही. आम्ही कोणी तसं बोलून दाखवत नव्हतो, पण होळीला आता किती दिवस उरले ते प्रत्येक जण मनात मोजत होता.

माघातल्या एका सकाळी साडेनऊला कार्यालयातला फोन वाजला. मीच उचलला. मुकादम होता. उसाने भरलेली ट्रॉली उलटली होती. रमिलाची आई खाली सापडली. पहाटेच गेली. तिथल्या दवाखान्यात आहे, पोरीला घेऊन या.

मी बाईंना सांगितलं. त्यांनी डायरी उघडली, नाव पाहिलं, डायरी मिटली. ड्रायव्हरला निरोप दिला, जीपमध्ये पाण्याची बाटली आणि चादर ठेवायला सांगितली. सगळं नेहमीच्या आवाजात. मग जेवणाची घंटा झाली आणि बाई जागच्या हलल्या नाहीत.

"शेठ, आज तुम्ही बसा तिना जोडे."

"मी? ताई, मला नाही जमणार."

"मन्हा घशाखाले घास उतरनार नही," त्या म्हणाल्या. "आनि तोंडमा घास नही, नि डोयामा पानी. ती वळखी लेई."

मी डबा घेऊन रमिलाच्या शेजारी जाऊन बसलो. आठवीत गेलेली, वर्षभरात उंच झालेली. सर आज इथे कसे, म्हणून तिने जरा चमकून पाहिलं. मी माझे खाखरे तिच्यापुढे केले. तिने एक घेतला, कुरकुर खाल्ला, आणखी एक मागितला. माझे डोळे कोरडे होते. आयुष्यात मी एवढं मोठं खोटं कधी बोललो नव्हतो, आणि ते एक शब्दही न बोलता. ती होळीचं सांगत होती. आईने नवीन परकर घ्यायचं कबूल केलं आहे, कोणत्या रंगाचा ते अजून ठरायचं आहे. मी हूं हूं करत होतो. अर्धी भाकर झाली होती.

बाई बाहेर नळापाशी उभ्या होत्या. कोठीत जाऊन बसल्या असत्या तर निभावलं असतं. पण पोर जेवते आहे की नाही ते पाहिल्याशिवाय त्यांना राहवलं नाही. खिडकीतून त्या आमच्याकडे बघत होत्या आणि दोन्ही गाल ओले होते.

रमिलाने मान वर केली. तिने खिडकीकडे पाहिलं. बाईंच्या डोळ्यांकडे नाही, खाली, जबड्याकडे. जबडा हलत नव्हता. ती बराच वेळ बघत राहिली, हातातला घास हातात धरून.

"सर," ती अगदी हळू म्हणाली, "बाई काही खात नाहीयेत."

मी डब्यात पाहत राहिलो. आता ती उठेल, ओरडेल, मागच्यासारखी कुंपणाकडे धावेल, म्हणून मी तिचा हात धरायची तयारी ठेवली होती.

ती उठली नाही. तिने ताट जवळ ओढलं आणि हातातला घास तोंडात घातला. मग पुढचा. गिळताना मान पुढे येत होती, तरी ती थांबली नाही. उरलेली अर्धी भाकर, वाटीतलं वरण, खाखऱ्याचा उरलेला तुकडा, सगळं तिने बाईंच्या देखत संपवलं. बाई खिडकीतून हलल्या नाहीत. त्याच दुपारी त्या तिला घेऊन बारडोलीला गेल्या. तिथून परस्पर कोरीटला, आणि शिल्लक रजा टाकून निवृत्तच झाल्या. निरोपाच्या समारंभालाही आल्या नाहीत. त्या दिवसानंतर मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

पण त्याआधी, जेवण संपताच, रमिला ताट घेऊन बाहेर गेली. नळाखाली धुतलं, पुसलं, रॅकवर पालथं घातलं. ओले हात फ्रॉकला पुसत ती बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"जेवले बाई," ती म्हणाली. "आता सांगा."